उजवीकडच्या पक्ष्याचा डोळा

महाराष्ट्रात छत्र्या पुसून माळ्यावर जातात, तेव्हा आमच्याकडे त्या खाली उतरतात. ऑक्टोबरच्या मध्याला ऐप्पसि महिना लागला की कुंभकोणमचं आभाळ गच्चीपर्यंत येऊन टेकतं, आणि मग डिसेंबरात कार्त्तिगै संपेपर्यंत कपडे म्हणून वाळत नाहीत. या पावसाला इकडे अडैमळै म्हणतात. त्याला गडगडाट नाही, घाई नाही. येऊन बसलेल्या पाहुण्यासारखा तो जायचं नावच काढत नाही. यंदाही आला. काल दुपारी कागदपत्रांचं कपाट उघडलं तर ओल्या पुठ्ठ्याचा वास अंगावर आला, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा: हे कपाट माझ्यामागे कुणी उघडलं होतं?

कुणीही उघडलं नव्हतं. पण माझा स्वभावच तसा. दूध आलं की मी आधी बोट बुडवून बघते. कॉफीची पूड दळून घेताना चिकोरी किती पडते ते वाकून पाहते. पाऊस थांबला तरी मला वाटतं, कुठेतरी पाणी मुरतंय. आमचे हे रेल्वेच्या तिकीटखिडकीत आयुष्यभर माणसं बघितलेले, ते मला एकदा म्हणाले होते, "तूं देवळांतल्या प्रसादास सुद्धां मीठ पाहूनच हात लावतीस." आमच्या घरातली मराठी अशी, तंजावूरकडची, तीनशे वर्षं मागे राहिलेली, मी लिहिते ती मासिकं वाचून शिकलेली. टोमणा मात्र कुठल्याही मराठीत लागतो तसा लागला, आणि खरा होता म्हणून जास्त लागला.

या स्वभावाचा मला एकाच कामात उपयोग झाला. प्रोग्राममधल्या चुका शोधण्यात.

पंचाण्णव-शहाण्णवचा सुमार असेल. मी मुलींच्या कॉलेजात गणित शिकवत होते आणि घरी एक सेकंडहँड कॉम्प्युटर होता. पाऊस पडू लागला की त्यावर दोन प्लास्टिकच्या पिशव्या घालाव्या लागत. तंजावूरच्या बाजूला एका इंजिनिअरिंग कॉलेजात कल्याणसुंदरम् नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी मला फ्लॉप्यांचा एक गठ्ठा दिला. त्यात एक प्रोग्रामिंगची भाषा होती, फुकट, आणि तिच्याबरोबर ती भाषा ज्यातून घडली तो सगळा मजकूरही होता. 'ओपन सोर्स' हा शब्द तेव्हा आमच्या कानावर आलेला नव्हता. मला ते असं समजलं: हॉटेलवाले सांबार देतात, कृती देत नाहीत. या लोकांनी सांबाराबरोबर कृतीही लिहून पाठवली होती आणि वर म्हटलं होतं, मीठ कमीजास्त वाटलं तर कळवा. मला अर्थातच पहिल्यांदा संशय आला. फुकट कोण काय देतो? मी गठ्ठा आठवडाभर टेबलावर तसाच ठेवला होता.

मग त्या भाषेत मी जो प्रोग्राम लिहिला तो दारासुरमच्या विणकरांसाठी. तिथल्या एका सोसायटीने काही घरांत हातमागावर जकार्डच्या पेट्या बसवल्या होत्या. पेटीवर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते. त्या पुठ्ठ्याला तिकडे अट्टै म्हणतात. जिथे भोक तिथला ताण्याचा उभा धागा वर उचलला जातो, जिथे भोक नाही तिथला खाली राहतो, आणि मधून जरीचा धागा जातो. साडीची सुलटी बाजू मागावर खाली असते, म्हणून उचललेल्या धाग्याखालची जर तिकडे दिसते. एका पदरासाठी शेकडो अट्टै लागतात. पूर्वी चौकटीच्या कागदावर नक्षी काढून, डोळ्यांत तेल घालून माणसं भोकं मोजत. मी म्हटलं, नक्षी मला द्या, कुठल्या अट्टैवर कुठे भोक पाडायचं ते माझा प्रोग्राम छापून देईल. सोसायटीचे सेक्रेटरी खूश झाले. त्यांनी विणकरांना बोलावून माझं भाषणच ठेवलं.

ते भाषण आठवलं की आजही मला घाम येतो. मी त्यांना सांगितलं, आता चूक होणारच नाही. तुम्ही फक्त अट्टै सांगेल तेच विणा. मध्ये स्वतःचं डोकं लावू नका. पुढच्या रांगेत सरोजा बसली होती. नवऱ्याच्या हाताला इजा झाल्यावर माग तिने चालवायला घेतला होता, आणि स्वतःच्या नावावर पेटी मिळालेली ती त्या गल्लीतली पहिली बाई. मी बोलत होते तोवर ती मान हलवत होती. मागे भिंतीला टेकून रंगनाथन् उभे होते, चाळीस वर्षं विणकाम केलेले, शतकांपूर्वी गुजरातेतून इकडे आलेल्या सौराष्ट्र समाजातले विणकर. ते मान हलवत नव्हते. मला तेव्हाच त्यांचा संशय आला होता. म्हटलं, म्हातारा यंत्राविरुद्ध आहे.

नक्षी होती समोरासमोर दोन अन्नपक्ष्यांची, म्हणजे हंसांची. लग्नाच्या साड्यांना ती लागतेच. आधी ती अट्टैची माळ रंगनाथन् यांच्या मागावर चढली, मग सरोजाच्या. एका ताण्यात तीन साड्या निघतात, आणि ताणा कापेपर्यंत तिन्ही मागावरच असतात. दिवाळी तोंडावर आलेली, गल्लीत ताणा ताणायला कोरडी सकाळ मिळत नव्हती, विणकर पाय सोडून बसतो त्या मागाच्या खड्ड्यात पाणी झिरपायचं. त्या दिवसांत दारासुरमला टाऊन बसने उतरलं की घराघरातून मागाचा आवाज यायचा आणि त्या आवाजात एक दमटपणा असायचा. निखाऱ्यांची शेगडी खड्ड्याशेजारी ठेवून लोक धागा कोरडा ठेवत. मला तो कोळशाचा आणि खळीचा मिसळलेला वास आवडायचा.

सरोजाच्या साड्या व्यापाऱ्याकडे गेल्या आणि चारच दिवसांत परत आल्या. पक्ष्याचा डोळा म्हणजे जरीत सोडलेली एक बारीकशी रिकामी जागा. डावीकडच्या पक्ष्याला ती होती. उजवीकडच्या पक्ष्याच्या डोळ्यावरून जरीचा एक टाका गेला होता, आणि डोळा मिटला होता. गिऱ्हाईकाने म्हटलं, लग्नाच्या साडीत आंधळा पक्षी कोण नेसेल?

सोसायटीत मला बोलावणं आलं. मी माझ्या प्रोग्रामची छापील भेंडोळी उलगडली. भोकं पाडणाऱ्याने त्यावर खुणा करत करत काम केलं होतं, त्याच्या खुणा आणि अट्टै जुळत होत्या. मी डावी बाजू नक्षीशी ताडून पाहिली, अगदी बरोबर. उजवी बाजू म्हणजे डावीचंच आरशातलं रूप, ती काय पाहायची? आणि सगळ्यात मोठा पुरावा रंगनाथन् यांच्या साड्यांचा. त्याच अट्टै, तीच पेटीची जात, आणि त्यांच्या तिन्ही साड्यांत दोन्ही पक्षी टक्क जागे. सेक्रेटरींनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, दोष मागावर झालाय.

एवढंच म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण संशय एकदा सुटला की त्याला लगाम नसतो. सरोजा मध्येच उठून स्वयंपाकाला जात असेल. नवऱ्याला बसवत असेल आणि सांगत नसेल. पेटीची दोरी ओढताना एक झटका कमी पडत असेल. कदाचित मुद्दाम, माझ्या भाषणाचा राग असेल. हे सगळं मी मोठ्याने बोलले नाही, पण हा सरोजाचाच हलगर्जीपणा का, असं सेक्रेटरींनी विचारलं तेव्हा मी 'असू शकेल' असं म्हणाले. माझ्या 'असू शकेल'वर त्यांनी ठरवलं की पेटी सरोजाकडून काढून दुसऱ्या घरी द्यायची. पेटी गेली की तिच्याकडे साधा माग उरणार होता, आणि साध्या मागाला त्या वर्षी काम नव्हतं.

पेटी उतरवली त्या दुपारी मीही गेले होते. का गेले, सांगता येत नाही. बहुधा तिचा चेहरा वाचायला. पाऊस चालूच होता. दोन माणसं वर चढली, सरोजाने स्वतः दोऱ्या सोडवल्या, नीट वेटोळी करून त्यांच्या हातात दिल्या. एक अक्षर बोलली नाही. गप्प आहे म्हणजे मनात काहीतरी आहे, असा मी अर्थ लावला. नवरा उंबऱ्यात बसून बांधलेल्या हाताकडे बघत होता. परतीच्या बसमध्ये माझ्या साडीचा काठ चिखलाने भरला होता आणि मला मात्र काम चोख केल्याचं समाधान होतं.

आता तो गुळगुळीत रस्ता झालाय, दुचाकीवरून दहा मिनिटांत जाता येतं. दारासुरमला माग कमी झाले. मध्यंतरी गेले तेव्हा एका घरात कॉम्प्युटरच्या पडद्यावर नक्षी भरणारी मुलगी दिसली. मी तिच्या मागे उभी राहिले आणि सवयीने उजवी बाजू तपासली. तिने वळून माझ्याकडे जरा विचित्र नजरेने बघितलं. बरोबरच आहे, अनोळखी म्हातारी मागे येऊन उभी राहिली तर मीही बघितलं असतं.

पेटी गेल्यानंतर आठवड्याभराने माझ्या मनात पाल चुकचुकली. सोसायटीच्या टेबलावर परत आलेल्या तीन साड्या एकावर एक पसरलेल्या होत्या. मी सहज तिन्ही पदर जुळवून धरले. मिटलेला डोळा तिन्हीत एकाच जागी होता, त्याच ओळीत, त्याच धाग्यावर. मी गणिताची बाई. परीक्षेच्या पेपरांत मुलींच्या चुका वर्षानुवर्षं बघितलेल्या. माणूस दमला की आज इथे चुकतो, उद्या तिथे. तीच चूक त्याच जागी तीन वेळा करायला माणसाला फार मेहनत घ्यावी लागेल. तशी चूक यंत्र करतं.

भेंडोळी पुन्हा उलगडली. या वेळी उजवी बाजू बघितली. डोळ्याच्या जागी एक जादा भोक छापलेलं होतं, स्वच्छ, काळं, माझ्या प्रिंटरने छापलेलं.

मग राहिला प्रश्न रंगनाथन् यांचा. अट्टैत जादा भोक असेल तर त्यांचे पक्षी जागे कसे? छत्री न घेताच मी त्यांच्या घरी गेले. ते खड्ड्यात पाय सोडून बसले होते. विचारलं तेव्हा आधी त्यांनी विषय टाळला, बायकोला कॉफी करायला सांगितलं. मी उठेना. शेवटी ते म्हणाले, "ती अट्टै आली की मी तो एक धागा बोटाने खाली दाबायचो, अम्मा. तुम्ही शिकवणाऱ्या. सगळ्यांसमोर तुमची चूक काढली असती तर सेक्रेटरीपुढे तुमची मान खाली गेली असती."

त्यांच्यात ही रीतच आहे म्हणे. दुसऱ्याने केलेल्या अट्टैत चूक सापडली तर ती हाताने सांभाळून घ्यायची आणि बोभाटा करायचा नाही. चाळीस वर्षं त्यांनी कितीतरी जणांच्या चुका अशा बोटाखाली दाबल्या होत्या. ज्या साड्या मी सरोजाविरुद्धचा पुरावा म्हणून टेबलावर आपटल्या होत्या, त्या मला वाचवण्यासाठी सुधारलेल्या होत्या. मला त्यांचा राग आला, खरं सांगते. इतका चांगुलपणा कुणी मागितला होता? कॉफी आली, ती मी न बघता पिऊन टाकली.

त्यानंतरचे दोन आठवडे मी फक्त शोधत होते. आधी संशय स्वतःवर घेतला. प्रोग्रामची एकेक ओळ पेन्सिलीने कागदावर चालवून पाहिली. चूक सापडेना. कल्याणसुंदरम् यांना दाखवलं. त्यांच्या कॉलेजातल्या नव्या यंत्रावर तोच प्रोग्राम चालवला तर डोळा उघडा. ते हसून म्हणाले, व्होल्टेज बघा, ओल बघा, तुमची फ्लॉपी बघा. भाषेवर संशय घेणं म्हणजे जरा जास्तच झालं. मी व्होल्टेज बघितलं. फ्लॉपी बदलली. यंत्र उघडून पंख्याखाली वाळवलं. डोळा मिटलेलाच.

तेव्हा मी भाषेवर संशय घेतला. तिच्यावर काम करणारे लोक परदेशात, एकमेकांना ईमेल पाठवून चुका कळवत आणि दुरुस्त करत. आमच्या घरी ईमेल नव्हता. मी मजकूर फ्लॉपीवर लिहून बसने कल्याणसुंदरम् यांच्याकडे न्यायची, ते पाठवायचे, आणि चार-पाच दिवसांनी उत्तर आणायला मी पुन्हा जायची. पहिलं उत्तर दोन ओळींचं होतं: आमच्याकडे बरोबर चालतंय, तुमचा प्रोग्राम तपासा. मी त्या दोन ओळी बसमध्ये पुन्हा पुन्हा वाचल्या. सरोजाला मी याहून काय वेगळं सांगितलं होतं? दुसऱ्याच्या मागावर बरोबर आलंय, तुझा हात तपास.

दुसऱ्या उत्तरात एक जण जरा थांबून बोलला होता. त्याने लिहिलं, चूक दाखवणारा शक्य तितका छोटा प्रोग्राम पाठवा. ही त्या लोकांची पद्धत. जे निर्दोष आहे ते एकेक करून काढून टाकायचं, आणि दर वेळी बघायचं की चूक अजून आहे का. मी पदराचा काठ काढला, चूक राहिली. पंख काढले, चोच काढली, चूक राहिली. नऊशे ओळींच्या सहा ओळी उरल्या, आणि त्या सहा ओळींत डोळा मिटत होता. संशयालाही शिस्त असते हे मला वयाच्या पस्तिशीत कळलं. मी इतकी वर्षं नुसतीच बोट दाखवत आले होते.

भाषेच्या मूळ मजकुरातली ती चुकलेली ओळ मला एका दुपारी, दिवे गेलेले असताना, खिडकीच्या उजेडात छापील कागदावर सापडली. ती भाषा बत्तीस हो-नाही, म्हणजे भोक आहे की नाही, एका गठ्ठ्यात बांधून ठेवायची. आरशातल्या रूपासाठी गठ्ठा उलटवताना एकेक जागा उजवीकडे सरकवावी लागते, आणि मागे रिकाम्या होणाऱ्या जागेत 'नाही' यायला हवं. पण गठ्ठ्याच्या अगदी डोक्यावर 'हो' असलं, तर माझ्याकडच्यासारख्या जुन्या यंत्रावर त्या रिकाम्या जागेतही 'हो'च भरलं जायचं. उजवीकडच्या पक्ष्याचा डोळा नेमका अशाच जागी पडला होता. दुरुस्ती एका शब्दाची होती. मी ती केली, प्रोग्राम चालवला, आणि पक्ष्याने डोळा उघडला. जीव भांड्यात पडायला हवा होता; पडला नाही.

सेक्रेटरींना सांगायला गेले तेव्हा वाटेत मी एक वाक्य तयार करून ठेवलं होतं: परदेशी भाषेत दोष होता, मी शोधून काढला. वाक्य खोटं नव्हतं. त्यात मी हुशारही दिसत होते. ते अर्धं बोलून झाल्यावर मला रंगनाथन् यांचं बोट आठवलं आणि मी थांबले. मग सांगितलं की डोकं लावू नका असं मीच शिकवलं होतं, उजवी बाजू मीच बघितली नव्हती, आणि 'असू शकेल' हे मीच म्हणाले होते. पेटी परत सरोजाकडे जाईल, असं ते म्हणाले.

तिला हे सांगायला मी एकटीच गेले. ती साध्या मागावर कुणाच्या तरी ताण्याचे तुटलेले धागे जोडत होती. मी सगळं सांगितलं. भाषा, गठ्ठे, डोक्यावरचं 'हो', माझी चूक. ती जोडणं न थांबवता ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "पहिल्या साडीतच दिसलं होतं मला. वाटलं, तुम्ही तसंच काढलंय. एक जागता, एक निजलेला. जोडप्यात एक जण जागं लागतंच ना."

मी विचारलं, मग बोलली का नाहीस? पेटी उतरवत होते तेव्हा तरी.

"तुम्ही सगळ्यांना विचारलंत, अम्मा," ती म्हणाली. "सेक्रेटरींना, रंगनाथन् यांना, त्या लांबच्या लोकांनासुद्धा. मला कुणी विचारलंच नाही."

पावसाने ओटीवर पाणी आलं होतं, तिने पाट सरकवून मला आत बसायला सांगितलं, आणि मी बसले.

पेटी तिच्याकडे परत चढली. माझी दुरुस्ती कल्याणसुंदरम् यांनी त्या परदेशातल्या लोकांना पाठवली होती. डिसेंबर-जानेवारीत, मार्गळीच्या थंडीत त्या भाषेची नवी आवृत्ती निघाल्याचा ईमेल आला. प्रत्येक दुरुस्तीपुढे ती चूक कुणी कळवली त्याचं नाव होतं. माझ्या ओळीपुढे माझं नाव होतं. मी कल्याणसुंदरम् यांच्याकडून पुन्हा एक पत्र पाठवलं, की ही चूक आधी दारासुरमच्या सरोजा या बाईला दिसली. उत्तर आलं, त्यांचा ईमेल पत्ता कळवा. मी लिहिलं, पत्ता नाही, माग आहे. काय वाटलं कुणास ठाऊक, पण पुढच्या यादीत त्यांनी दोन नावं छापली, तिचं आधी.

तो कागद मी तिला नेऊन दिला. कुठली ओळ ते बोटाने दाखवलं. इंग्रजी तिला वाचता येत नव्हतं. तिने हात पुसले, कागद घेतला, आणि माझ्याकडे रोखून बघत विचारलं, "हे बरोबर आहे कशावरून? कुणाला विचारलंत?"

मी म्हटलं, "अजून कुणालाच नाही. तुलाच विचारायला आणलाय."

ती कागद घेऊन दाराशी गेली आणि उजेडात धरून, डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत, एकेक अक्षर बघू लागली. मी थांबले.